किल्ली कोणाच्या हाती?

गेल्या रविवारी आम्ही शिरगावला एका स्नेह्यांच्या घरी गेलो होतो. मावळातले हे गाव सोमाटणे फाट्याजवळ. गुरुवारी प्रति शिर्डीच्या देवळामुळे येथे गाड्यांची रीघ लागते. इतर दिवशी गावातली माणसे सकाळी लवकर डबा घेऊन कामाला निघतात. कोणी तळेगावच्या एमआयडीसीत, कोणी हिंजवडीला. आमचे स्नेही तळेगावच्या एका कारखान्यात मशीन सेटर आहेत. त्यांची थोरली मुलगी संगणकाचे शिक्षण घेऊन हिंजवडीत नोकरीला लागली आहे. घराण्यातली ही पहिली पदवीधर.

जय भीम झाला, चहा आला, पण मुलगी कोपऱ्यात तोंड पाडून बसलेली. आम्ही विचारले, "काय गं, आज एवढी गप्प का?"

ती म्हणाली, "काका, पंधरा दिवस रात्री जागून एका ओपन सोर्स प्रकल्पासाठी काम केलं. चूक शोधली, दुरुस्ती लिहिली, पाठवली. त्यांनी अकरा शेरे मारून परत पाठवली. म्हणे, असं चालणार नाही, पुन्हा करा. फुकट काम करायचं आणि वर बोलणी खायची!"

आतून तिची आई म्हणाली, "आपल्याला कोण विश्वासात घेणार, बाई? आपण शिकलो तरी दारातच उभे राहणार."

वडील मात्र हसले. म्हणाले, "अगं, मी अठरा वर्षं मशीनवर आहे. आजही सेटिंग बदललं की पहिला पीस क्यूसीकडे जातो. त्यांनी पास केल्याशिवाय दुसरा पीस काढत नाही. मला कधी अपमान वाटला नाही. तुझा पहिला पीस न तपासता कसा पास होईल?"

वाचकहो, या तिघांपैकी कोणाचे खरे? घरी परतताना आमच्या मनात हाच प्रश्न होता. आज आपल्या पुष्कळ घरांतली मुले-मुली संगणकाच्या क्षेत्रात जात आहेत. ती रात्री लॅपटॉपसमोर बसून काय करतात, कोणावर चिडतात, हे आईवडिलांना कळत नाही. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

उघडी पाककृती

संगणकाला काय करायचे ते सांगणारे लिखाण म्हणजे कोड. बऱ्याच कंपन्या आपला कोड तिजोरीत ठेवतात. काही लोक मात्र तो सगळ्यांसमोर उघडा ठेवतात. कोणीही वाचावा, वापरावा, चूक दिसली तर दुरुस्ती सुचवावी. यालाच ओपन सोर्स म्हणतात. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स नावाचा असा एक कोड जगापुढे ठेवला. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात हाच लिनक्स आहे. जगातल्या असंख्य सर्व्हरवरही तोच चालतो.

कोड उघडा आहे म्हणजे कोणीही येऊन त्यात काहीही घालावे असे मात्र नाही. लग्नाची पंगत आठवा. भाजीत मीठ कमी आहे असे सांगायला मांडवातला कोणीही मोकळा आहे. पण मिठाची मूठ कढईत टाकतो आचारी, आणि तोही आधी चाखून. प्रत्येक पाहुण्याने आपल्या हाताने मीठ टाकले तर पाचशे माणसे उपाशी उठतील. ओपन सोर्समध्येही असेच दोन वेगळे हक्क आहेत. सुचवण्याचा हक्क सर्वांना, आणि मूळ कोडात बदल घालण्याचा हक्क थोड्यांना. या थोड्यांना मेंटेनर म्हणतात. आपण त्यांना राखणदार म्हणू.

एवढी सावधगिरी कशाला, असे कोणी विचारील. २००३ सालच्या नोव्हेंबरमधली गोष्ट सांगतो. लिनक्सच्या कोडाची एक प्रत वेगळ्या सर्व्हरवर ठेवलेली होती. कोणीतरी त्या सर्व्हरमध्ये शिरून दोन ओळी घुसवल्या. वरवर पाहता त्या चुकीची तपासणी करणाऱ्या वाटत. खोच एका चिन्हात होती. दोन वस्तू सारख्या आहेत का हे विचारायला दोनदा बरोबरचे चिन्ह लिहावे लागते. तेथे ते एकदाच लिहिले होते. एकदा लिहिले की तो प्रश्न राहत नाही, तो हुकूम होतो. त्या हुकुमाने साधा वापरणारा क्षणात संगणकाचा मालक झाला असता. त्या प्रतीतला हा बदल मूळ वहीशी जुळला नाही, म्हणून तो पकडला गेला. एका चिन्हाने एवढा अनर्थ होऊ शकतो. तेव्हा अकरा शेरे आले तर फार झाले असे आम्हाला वाटत नाही.

अडीच वर्षांची पेरणी

ही चोरी भिंत फोडून शिरणाऱ्याची होती. याहून मोठा धोका दारातून मानाने आत येणाऱ्याचा. ती हकीगत २०२४ सालची आहे.

एक्सझेड नावाचा एक छोटा ओपन सोर्स प्रकल्प आहे. मोठ्या फायली दाबून लहान करणे एवढेच त्याचे काम. पण लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक संगणकात तो असतो. लासे कॉलिन नावाचे फिनलंडमधले गृहस्थ वर्षानुवर्षे तो सांभाळत होते. पगार नाही, मदतनीस नाही. आपल्याकडे एखादे म्हातारे काका वाचनालयाची किल्ली कमरेला लावून वीस वर्षे एकटेच दार उघडतात, झाडतात, बंद करतात, तसे.

२०२१ साली जिया टॅन हे नाव लावणारा एक कार्यकर्ता तेथे आला. छोट्या छोट्या चांगल्या दुरुस्त्या पाठवू लागला. २०२२ साली आणखी काही नावे आली. त्यांतले एक नाव आपल्या ओळखीचे वाटेल असे होते, जिगर कुमार. ही मंडळी कॉलिन यांना टोचू लागली. काम पुढे का सरकत नाही? जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती का देत नाही? कॉलिन यांनी उत्तरात आपल्या मनाच्या आजारपणाचा उल्लेख केला. हे बिनपगारी, आवडीचे काम आहे याचीही आठवण दिली. टोचणी थांबली नाही. शेवटी गुणी आणि नम्र दिसणाऱ्या जिया टॅनला त्यांनी हळूहळू राखणदार केले. पुढे तो स्वतः कोडात बदल घालू लागला आणि २०२३ साली नव्या आवृत्त्याही काढू लागला.

२४ फेब्रुवारी २०२४ रोजी ५.६.० ही आवृत्ती निघाली. तिच्यात चोरदरवाजा होता. ज्या वाटेने जगभरचे व्यवस्थापक दुरून आपल्या सर्व्हरमध्ये शिरतात, त्याच वाटेवर खास किल्ली असलेल्या चोराला आत घेणारा. त्याचे तुकडे तपासणीच्या नमुना फायलींत दडवले होते. ते जोडणारा भाग तर उघड्या कोडात नव्हताच. वाटायच्या गठ्ठ्यात तेवढा घातला होता. सभेत वाचून दाखवलेला हिशेब एक आणि ऑफिसात पाठवलेली प्रत दुसरीच, असा तो प्रकार.

हे पकडले आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने. तो काही हे शोधायला बसला नव्हता. आपल्या संगणकावर दुरून शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढेच त्याच्या लक्षात आले. अर्धा सेकंद! दुसऱ्याने चहाचा घोट घेऊन सोडून दिले असते. त्याने कारण खणून काढले आणि २९ मार्च २०२४ रोजी जाहीर केले. धोक्याच्या मोजपट्टीवर या प्रकाराला दहापैकी दहा गुण पडले. पुण्यातही ज्या रेड हॅट कंपनीचे इंजिनिअर काम करतात, त्या कंपनीने फेडोराच्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्यांना ताबडतोब थांबायला सांगितले. जिया टॅन कोण, एक माणूस की एखादी टोळी, हे आजही उघड झालेले नाही.

वाचलो कशामुळे?

फ्रॉइंडची चिकाटी हे एक कारण. दुसरे कारण पायऱ्यांची रीत. डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या वाटप करणाऱ्या संस्था नवा माल एकदम सर्वांच्या ताटात वाढत नाहीत. तो आधी चाचणीच्या आवृत्तीत जातो. तेथे हौशी आणि जाणकार लोक तो वापरून बघतात. काही काळ गेला, तक्रार आली नाही, की मग पक्क्या आवृत्तीत जातो. एक्सझेडचा विषारी माल या चाचणीच्या पायरीवरच सापडला. बँका, इस्पितळे वापरतात त्या पक्क्या आवृत्त्यांपर्यंत तो पोचला नव्हता.

ही पायरी गाळली तर काय होते तेही त्याच वर्षी दिसले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष दुरुस्ती जगभर एकदम गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या देशातही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते ओपन सोर्स नव्हते आणि तेथे कोणी चोरही नव्हता. पण बदल धोक्याचा असेल तर तो थोड्यांपासून सुरू करून वाढवत न्यावा, हा धडा दोन्हीकडे सारखाच.

जाणत्या प्रकल्पांत या धड्यांचे नियम झाले आहेत. आपले काम आपणच पास करायचे नाही, निदान दुसऱ्या एकाने तरी पाहिले पाहिजे. बदल छोटा पाठवायचा, म्हणजे तपासणाऱ्याला नीट वाचता येतो. जसा धोका तशी तपासणी. शुद्धलेखनाची चूक असेल तर एक माणूस पुरे, पासवर्डच्या दाराजवळचा कोड असेल तर दोन-तीन जाणकार हवेत. बदल उलटा फिरवण्याची सोय आधी करायची. ज्याने बऱ्याच काळात काम केलेले नाही त्याची किल्ली परत घ्यायची, कारण पडून राहिलेली किल्ली चोराच्या हाती लागते. आणि नुसत्या पासवर्डवर विसंबायचे नाही. गिटहब या मोठ्या कोडभांडाराने २०२३ मध्ये कोड पाठवणाऱ्यांना दुहेरी ओळख सक्तीची केली ती याचसाठी.

आपल्या वाचकांना ही रीत परकी वाटायचे कारण नाही. आपल्या राज्यघटनेत बदलाच्या अशाच पायऱ्या आहेत. नवे राज्य करायचे तर संसदेचे साधे बहुमत चालते. बहुतेक कलमे बदलायला दोन्ही सभागृहांत खास बहुमत लागते. राष्ट्रपतींची निवडणूक किंवा केंद्र व राज्य यांच्यातली अधिकारांची वाटणी अशा गोष्टींना हात लावायचा तर त्याशिवाय निम्म्या राज्यांची संमतीही लागते. घटना बदलताच येऊ नये असे ती लिहिणाऱ्यांनी ठरवले नाही, आणि कोणीही सहज बदलावी असेही ठेवले नाही.

मराठीतले उदाहरण

हे सगळे परदेशातले, असे म्हणू नका. मराठी विकिपीडिया हा ज्ञानकोश २००३ सालापासून चालू आहे. त्यात लेख लिहायला, सुधारायला आपल्यापैकी कोणीही जाऊ शकतो. कोणी खोडसाळपणे काही लिहिले तर जुना मजकूर इतिहासातून परत आणता येतो. पान पुसणे, पानाला कुलूप लावणे, त्रास देणाऱ्याला रोखणे ही कामे प्रचालकांकडे असतात. त्यांना तो अधिकार आपोआप मिळत नाही. सर्वांसमोर अर्ज होतो, चर्चा होते, मग मिळतो.

पूर्वी विकिपीडियाच्या प्रचालकांना आणखी एक अधिकार आपसूक असे. पान उघडणाऱ्या प्रत्येक वाचकाच्या संगणकात जो कोड चालतो, तो बदलण्याचा. २०१८ साली जगातल्या सगळ्याच विकिपीडियांवर हा अधिकार प्रचालकपदापासून वेगळा केला गेला. ज्याला त्या कोडाचे काम खरोखर आहे त्यालाच तो स्वतंत्रपणे दिला जातो. लेखातली चूक एका पानावर राहते. त्या कोडातली चूक, किंवा एखाद्या प्रचालकाचा चोरलेला पासवर्ड, सगळ्या वाचकांच्या घरात शिरू शकतो. जुने प्रचालक अप्रामाणिक होते म्हणून हे झाले नाही. ज्याला ज्या किल्लीची गरज नाही त्याच्याकडे ती नसणे, हे त्याच्याही हिताचे आहे. उद्या काही चोरीला गेले तर संशय त्याच्यावर यायला नको.

आईचा प्रश्न

आता त्या मुलीच्या आईकडे वळू. तिचे बोलणे आम्हाला सोडून देता येत नाही. ज्यांच्या बापजाद्यांनी पाण्यापासून शाळेपर्यंत प्रत्येक दारावर "थांब" ऐकले, त्यांना तपासणी या शब्दाचा वास लगेच येतो. आमची तपासणी आणि तुमचा विश्वास, असे तर नाही ना? हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आमचे उत्तर असे. तपासणी सर्वांची असेल तर तो नियम झाला. काहींचीच असेल तर ते सोवळे झाले. मिनेसोटा हे अमेरिकेतले नामांकित विद्यापीठ. तेथील संशोधकांनी २०२० साली मुद्दाम सदोष बदल लिनक्सकडे पाठवून पाहिले, तपासणारे फसतात का याचा अभ्यास म्हणून. बोभाटा झाल्यावर एप्रिल २०२१ मध्ये लिनक्सचे ज्येष्ठ राखणदार ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे काम थांबवले. त्यांचे जुने बदलही पुन्हा तपासायला काढले गेले. त्यांतले पुष्कळसे चांगलेच निघाले, पण तपासले गेले. मोठ्या नावाला तेथे सूट मिळाली नाही. आणि जिगर कुमार किंवा जिया टॅन या नावांनी काय सिद्ध झाले? नावावरून माणूस चांगलाही ठरत नाही, वाईटही ठरत नाही. म्हणून नाव न पाहता काम पाहावे, आणि ज्याचे शंभर वेळा चांगले निघाले त्याचेही एकशे एकाव्या वेळी पाहावे. ही रीत नीट पाळली तर आडनाव विचारणाऱ्या जगात आपल्या मुलांना ती सोयीचीच आहे.

नियम मात्र लेखी हवेत आणि सर्वांना दिसायला हवेत. कोणत्या कामाने किल्ली मिळते, कोण देतो, का नाकारली, हे कळले पाहिजे. जेथे हे कळत नाही आणि चार मित्र आपसात किल्ल्या वाटून घेतात, तेथे आईची शंका खरी समजावी आणि मुलीने दुसरा प्रकल्प धरावा.

आणखी एक गोष्ट कॉलिन यांच्या हकीगतीतून शिकण्यासारखी आहे. एकट्याच्या खांद्यावर सगळे टाकून आपण मोकळे झालो, की तो थकतो. मग जो पहिला गोड बोलून हात पुढे करील त्याच्याकडे किल्ली जाते. हे संगणकापुरते नाही. बचत गटातल्या बाया पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीच्या घरी ठेवतात. मंडळाच्या बँक खात्यावर दोघांच्या सह्या असतात. या चालींवर "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणून रुसणारे आपण पाहिले आहेत. दुसरी सही पहिल्या सहीवरचा अविश्वास नसते. पहिल्यावर उद्या कोणी दबाव आणला, त्याला आजारपण आले, तर त्याला ती आधार होते. आपल्या गटात, मंडळात अशी एकच किल्ली एकाच कमरेला असेल तर तिच्यासाठी दुसरा माणूस आजच तयार करायला घ्या.

परवा त्या मुलीचा फोन आला. तिने आपले काम तीन तुकड्यांत मोडून पुन्हा पाठवले आहे. त्यातला सर्वांत छोटा तुकडा घेतला गेला. बाकीचे दोन अजून तपासणीत आहेत. अकरा शेऱ्यांपैकी दोन तिला पटले नव्हते. तसे तिने कारणांसह लिहिले, आणि त्यांतला एक त्यांनी मागे घेतला. आता दुसऱ्या कोणाचा तरी बदल तपासून द्याल का, असे त्यांनी तिलाच विचारले आहे.

आम्ही म्हटले, "मग बाबा काय म्हणतात?"

"बाबा म्हणतात, क्यूसीत घेतलं म्हण तुला! आणि आई विचारते, याचे पैसे कधी मिळणार?"

आईचा हा प्रश्नही योग्यच आहे. कामकरी घरात रात्रीचे जागरण फुकटचे नसते. मुलीने नोकरी, तब्येत आणि झोप सांभाळून आठवड्याचे ठरावीक तास या कामाला द्यावेत, अधिक नाही, असे आम्ही तिला सांगितले. ती हो म्हणाली. आईने फोन घेऊन पुन्हा एकदा बजावले.